न दुखणारी जागा

आवाज अगदीच लहान होता. दातांच्या फटीतून हवा आत ओढावी तसा. ‘स्स.’ चहाचा ट्रे घेऊन तो आतल्या खोलीच्या दाराशी पोचला होता, तेवढ्यात तो आवाज आला आणि ट्रेमधले कप एकमेकांना लागले. पलंगाच्या कडेला बायको बसली होती, समोरच्या स्टुलावर सिस्टर, आणि सिस्टरने नुकतीच बायकोच्या मांडीत इन्शुलिनची सुई टोचली होती. पेनासारखं दिसणारं ते इंजेक्शन अजून मांडीवर उभं होतं आणि सिस्टर ओठांतल्या ओठांत दहापर्यंत मोजत होती. बायकोचे डोळे मिटलेले. म्हणजे दुखलं होतं. हे लक्षात येताच त्याला जे झालं त्याला आनंद म्हणणं बरं दिसत नाही, पण दुसरा शब्द त्याच्याजवळ नव्हता. गेली कितीतरी वर्षं रोज सकाळी हे इंजेक्शन तो देत आला होता आणि बायकोच्या तोंडून असा आवाज एकदाही निघाला नव्हता. आणि ही कडक इस्त्रीच्या गणवेशातली, हॉस्पिटलने मुद्दाम घरी पाठवलेली बाई. तिच्या हाताने दुखतं. त्याने ट्रे खाली ठेवला, कपाची दांडी सिस्टरच्या बाजूला येईल असा कप फिरवला, आणि एरवी तो कधी विचारत नसे ते विचारलं, “साखर पुरेल ना, सिस्टर?” त्या घरात साखरेबद्दल मोकळेपणाने बोलता येईल अशी ती एकटीच होती. सिस्टर म्हणाली, “नऊ, दहा,” आणि सुई काढली. आणि मग बायको हसली. दुखलं म्हणून कोणी हसतं का? पण ती हसली, आणि हसताना सिस्टरच्या गुडघ्यावर चापटही मारली. “आज टोचलंत तुम्ही मला.” “मग काय गुदगुल्या करू काकू?” यावर दोघी आणखी हसल्या. त्याचा आनंद दोन मजल्यांच्या मध्येच अडकून थांबला. ट्रे रिकामा होता तरी तो दोन्ही हातांनी धरून तो स्वयंपाकघरात परत गेला.

निवृत्त होण्याआधी तो लिफ्ट तपासनीस होता. इमारतींमधून हिंडायचं, छपराजवळच्या यंत्राच्या खोलीत वाकून शिरायचं, ब्रेक बघायचा, दोरांवरून हात फिरवायचा, मग लिफ्टच्या पाळण्यात उभं राहून वर-खाली करायचं आणि तळपायांनी ऐकायचं. तळपायांनी ऐकणं हे त्याचं खास कसब. लिफ्ट सुटताना हिसका बसतो का, थांबताना बसतो का, पाळण्याची जमीन आणि मजल्याची जमीन यांच्यात बोटभर पायरी राहते का. त्याच्या मते उत्तम लिफ्ट म्हणजे आपण हललो हेच माणसाला कळू न देणारी. दार बंद होतं, दार उघडतं, आणि समोरची भिंत वेगळ्या रंगाची असते, बस. संसाराबद्दलही त्याचं मत फारसं वेगळं नव्हतं. ते कोणी विचारलं नव्हतं इतकंच. बायकोला गोळ्या पुरेनाशा झाल्या आणि डॉक्टरांनी इन्शुलिन सुरू करायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी विचारलं की टोचणार कोण. बायको सुईला इतकी भ्यायची की शिवायच्या सुईतसुद्धा दोरा दुसऱ्याकडून ओवून घ्यायची. तो म्हणाला, “मी.” मग त्याने संत्र्यांवर सराव केला. घरात येणारं एकही संत्रं टोचल्याशिवाय कोणाच्या पोटात गेलं नाही. त्यातलं एक बायकोच्या भावाने खाल्लं आणि यंदाची संत्री पाणीदार आहेत म्हणाला. पहिल्या सकाळी त्याच्या कपाळावर घाम होता. तिने गाऊनची मधली दोन बटणं काढली आणि छताकडे बघत पडून राहिली. बेंबीच्या उजव्या अंगाला त्याने चिमटीत कातडी धरली आणि सुई घातली. “झालं?” तिने विचारलं. “झालं.” “कळलंच नाही,” ती म्हणाली.

हे शब्द चौकट करून भिंतीवर लावण्यासारखे होते. त्याने कित्येक लिफ्टना प्रमाणपत्रं दिली होती, त्याला स्वतःला मिळालेलं हे पहिलंच. मग दुसऱ्या दिवशी दुसरीकडे कशाला जायचं? जी लिफ्ट नीट चालते तिला उगाच हात लावायचा नाही, हा त्याच्या खात्यातला न लिहिलेला नियम होता. म्हणून दुसऱ्या दिवशी तिथेच, तिसऱ्या दिवशी तिथेच, आणि मग ती जागा ठरून गेली, जशी जेवणाच्या टेबलाशी प्रत्येकाची खुर्ची ठरते. सकाळी आधणाचं पाणी गॅसवर ठेवायचं, आत जायचं, दोन बटणं, चिमटी, दहापर्यंत मोजणं, परत येऊन चहा टाकायचा. वयाच्या एका टप्प्यानंतर नवरा-बायकोला एकमेकांना हात लावायला काही निमित्त लागतं. त्यांना ते डॉक्टरांनी लिहूनच दिलं होतं: रोज एकदा, नाश्त्याआधी. पुढे त्या जागी एक उंचवटा आला. मऊसर, गुळगुळीत, अर्ध्या लिंबाएवढा. वयाने माणसाला काय काय येतं, तसंच हेही आलं असेल असं त्याला वाटलं. नंतर तर तो त्याच्या ओळखीचा झाला. डोळ्यांवर चष्मा नसला तरी बोट आपण होऊन तिथे जायचं. खरं सांगायचं तर तो उंचवटा त्याला आवडायचा. जगात त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाला त्याचा पत्ता माहीत नव्हता.

मग बायकोला जोडा चावला. चावत राहिला आणि तिला समजलं नाही, आणि मोजा लाल झालेला दिसला तोवर पायाला चांगलीच जखम झाली होती. काही दिवस हॉस्पिटल झालं. साखर कधी आकाशाला भिडायची, कधी तळाला जायची, आणि डॉक्टर तिच्या तक्त्याकडे बघून मान हलवायचे. घरी सोडताना म्हणाले, जखम भरेपर्यंत रोज सकाळी सिस्टर येईल, पाय बांधेल आणि इंजेक्शनही तीच देईल. “इंजेक्शन मी देतो,” तो म्हणाला. “आता थोडे दिवस तुम्हाला सुट्टी,” डॉक्टर म्हणाले, आणि डॉक्टर लोक ज्या सुरात सुट्टी देतात तिला नाही म्हणता येत नाही. पहिल्याच सकाळी सिस्टरने पाय बांधून झाल्यावर विचारलं, “काका, इंजेक्शन कुठे देता?” त्याने अभिमानाने बोट ठेवून दाखवलं. सिस्टरने त्याचं बोट बाजूला करून आपली बोटं तिथे ठेवली, डोळे मिटले, आणि हळूहळू गोल फिरवत चाचपत राहिली. डोळे मिटून दुसऱ्याच्या बायकोचं पोट चाचपणारी व्यक्ती इतकी देवभोळी दिसू शकते याची त्याला कल्पना नव्हती.

“इथेच? रोज?”

“इथे दुखत नाही.”

“दुखेल कसं काका. दुखायला काही शिल्लक राहिलेलं नाही इथे.” तिचा आवाज मोठा होता, पण ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. “एकाच खिळ्याला रोज ओला कोट अडकवला तर भिंत पोकळ होते की नाही? तसं झालंय. औषध इथे नुसतं साचून बसतं. एखाद्या दिवशी जातं, एखाद्या दिवशी जात नाही. म्हणून काकूंची साखर अशी वर-खाली. सुई रोज नवी घेता ना?”

“सुई चांगली चालते,” तो म्हणाला. “बरेच दिवस जाते.”

सिस्टरने बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे. मग सिस्टरने त्याचं बोट धरलं, जसं लहान मुलाचं धरून पाटीवर फिरवतात, आणि आधी डाव्या बाजूला दाबलं. “हे पोट.” मग उजव्या बाजूला. “आणि हे?” इतकी वर्षं तो ज्याला बायकोचा एक भाग समजत होता ते त्याने केलेलं होतं. सिस्टर तोवर डॉक्टरांना फोन लावून बोलतही होती. फोन ठेवून तिने सांगितलं की आता मांडीत द्यायचं, रोज थोडं थोडं सरकत, आणि डोस उतरवायचा. “नव्या जागेतून सगळंच्या सगळं औषध लागू पडणार. जुना डोस दिला तर साखर धाडकन खाली. घाम आला, हात थरथरले, काहीतरी असंबद्ध बोलायला लागल्या, तर आधी साखरेचं पाणी पाजायचं आणि मग मला फोन.”

“ती असंबद्ध बोलत नाही,” तो म्हणाला. “ती फारशी बोलतच नाही.”

“आणि ही जागा आता विसरायची. निदान काही महिने.”

विसरायची. जणू ती एखादी छत्री होती. त्या दिवसापासून तो सकाळी रिकामा झाला, आणि रिकामा माणूस कान देऊन ऐकतो. सिस्टर यायच्या आधी बायको केस विंचरते हे त्याला ऐकू आलं. कंगव्याचा आवाज त्याने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. त्याच्यासाठी ती उठल्या केसांनीच पडून राहायची, आणि तो त्याला आजवर आपलेपणा समजत होता. सिस्टर आल्या आल्या औषधाचं पेन दोन्ही तळहातांत धरून घोळवायची, कारण फ्रिजमधलं गार औषध टोचताना जास्त झोंबतं. ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने आजवर गार औषध दिलं, गार हातांनी दिलं, आणि त्याला शाबासकी मिळाली. तो दोष शोधू लागला. त्याचा जन्म त्यातच गेला होता. पण सिस्टर हात कोपरापर्यंत धुवायची, वेळेवर यायची, वापरलेली सुई झाकणबंद डब्यात टाकायची आणि कप स्वतः विसळून ठेवायची. एका सकाळी ती धापा टाकत आली तेव्हा त्याला जरा आशा वाटली.

“लिफ्ट बंद आहे का?” त्याने विचारलं.

“चालू आहे की. मी जिन्यानेच येते. मला लिफ्टची भीती वाटते.”

“ही लिफ्ट?” या इमारतीच्या लिफ्टबद्दल तो जेवढं हळवं बोलायचा तेवढं स्वतःच्या मुलीबद्दलही बोलत नसे, असं मुलगीच म्हणायची. “अहो, हिच्यात माणसाला हलल्याचंसुद्धा कळत नाही.”

“तीच तर भीती काका,” सिस्टर घाम पुसत म्हणाली. “कळत नाही म्हणजे काय चाललंय ते आपल्याला माहीत नाही.”

आतून बायकोचं हसणं ऐकू आलं. हे वाक्य दिवसभर त्याच्या डोक्यात वर-खाली होत राहिलं आणि कुठल्याच मजल्यावर थांबेना. त्याला राग आला होता तो सिस्टरचा नव्हता, वाक्याचाही नव्हता. बायको ज्या तत्परतेने हसली तिचा होता. म्हणजे ती दाराआड ऐकत होती. म्हणजे तीही ऐकते. इतकी वर्षं या घरात दोन माणसं एकमेकांचं ऐकत होती आणि बोलणारं कोणीच नव्हतं, आणि एक तिसरी बाई जिना चढून येते काय आणि दोघी शाळेतल्या मुलींसारख्या खिदळतात काय. मुलीचा फोन आला. “बाबा, सिस्टर नीट आहे ना?” “नीट आहे.” “मग तुमचा आवाज असा का?” “कसा?” “शेजाऱ्यांनी नवी गाडी घेतल्यासारखा.” मुलगी आईवर गेली नव्हती, ती पहिल्यापासून बोलायची. त्याने फोन ठेवला आणि स्वयंपाकघराचा नळ पूर्ण बंद केला, कारण तो ठिबकत असला की आतलं नीट ऐकू यायचं नाही. दुसऱ्या दिवशी ऐकू आलं. बायको म्हणत होती, “ह्यांना सांगू नका हं, पण मला सुईची अजून तेवढीच भीती वाटते. रोज सकाळी उठले की आधी तेच आठवतं.” “सगळ्यांना वाटते काकू. मलापण वाटते.” “तुम्हाला?” “दुसऱ्याला टोचताना नाही वाटत. मला टोचायची वेळ आली की मी दोन मजले पळते.” पुन्हा हसणं, आणि हसण्याच्या पाठोपाठ तो आवाज. स्स. उकळता चहा उतू गेला तरी तो तसाच उभा राहिला.

आता त्याला दुखल्याचा आनंद होत नव्हता. उलट त्या आवाजाची त्याला हाव सुटली होती. माणूस कशाकशाचा मत्सर करतो याला काही धरबंध नाही. कोणी दुसऱ्याच्या पैशाचा करतो, कोणी रूपाचा, तो एका बाईला मिळणाऱ्या ‘स्स’चा करत होता. ते त्याला कधीच मिळालं नव्हतं. त्याला मिळाली होती ती शांतता, स्वच्छ, सपाट, तळपायांनाही न जाणवणारी, आणि तो तिला प्रेमाचा पुरावा समजून बसला होता. दुपारी बायको झोपल्यावर त्याने डब्यातली एक कोरी सुई घेतली, बाथरूममध्ये गेला, कडी लावली, पायजमा गुडघ्याच्या वर ओढला आणि स्वतःच्या मांडीत सुई टोचली. ‘स्स,’ तो म्हणाला. आवाज आपण होऊनच आला, एखाद्या बटणाला बोट लागावं तसा. बाथरूमच्या आरशात एक पांढऱ्या केसांचा माणूस एका पायावर उभा होता आणि विलक्षण गंभीर दिसत होता. त्याने जरा सरकून पुन्हा टोचलं. या वेळी आवाज दाबून धरला. जमलं; फक्त दुसऱ्या पायाची बोटं आपोआप आखडली. म्हणजे न दुखणं आणि आवाज दाबणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि बाहेरून बघणाऱ्याला त्या एकसारख्या दिसतात. तिची यांतली कुठली? पायजमा खाली घेऊन तो बाहेर आला तर बायको जागी होती. “आत काय करत होतात?” “तपासत होतो.” “काय?” “नळ,” तो म्हणाला.

सिस्टरची आठवड्याची सुट्टी आली. आदल्या दिवशी तिने त्याला मांडीवर बोटाने जागा दाखवून ठेवली, डोस कितीवर ठेवायचा ते पेनाची चकती फिरवून दाखवलं, सुई नवी, औषध आधी बाहेर काढून ठेवायचं, टोचून झाल्यावर चोळायचं नाही, आणि अर्ध्या तासात खायला द्यायचं. “जमेल ना काका?” हा प्रश्न तिने त्याला विचारला, ज्याने मोजता येणार नाहीत इतकी इंजेक्शनं दिली होती. “बघू,” तो म्हणाला. सकाळी तो लवकर उठला, दाढी केली, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण धुतलेला शर्ट घातला आहे. औषध त्याने तळहातांत घोळवलं. कोणी बघत नव्हतं म्हणून बराच वेळ घोळवलं. आत गेला तर बायको जुन्या दिवसांसारखी आडवी पडली होती, केस न विंचरता, आणि गाऊनची मधली दोन बटणं काढत होती.

“हे काय?”

“द्या इथेच. तिला कुठे कळतंय.”

जिंकल्यासारखं वाटणं म्हणजे काय हे त्याला त्या क्षणी कळलं. घरात कटकारस्थान शिजत होतं आणि तो कटाच्या आत होता. त्याचं बोट आपण होऊन उजवीकडे गेलं. ती जागा तशीच होती, मऊ, थोर मनाची, काही न विचारणारी. पण बोट तिथे टेकलं तसं त्याला उजव्या आणि डाव्या बाजूतला फरकही पुन्हा समजला, आणि एकदा समजलेलं बोट विसरत नाही. पलंगाच्या कडेला तो पेन धरून बसून राहिला.

“काय झालं? द्या ना.”

“माझ्या हाताने दुखेल म्हणून इथे म्हणतेस?”

“नाही हो.”

“मग?”

ती छताकडे बघत म्हणाली, “दुखलं की आवाज निघतो. तुम्हाला तो चालत नाही.”

“मी कधी काही म्हणालो?”

“म्हणाला नाहीत. त्या पहिल्या दिवशी तुमचं तोंड बघायला हवं होतं. पांढरंफटक. मला वाटलं आता हेच पडतात. मग यांना कोण उचलणार आणि मला कोण टोचणार. म्हणून म्हटलं, कळलंच नाही.”

“म्हणजे कळलं होतं.”

“केवढं तरी कळलं होतं.” ती म्हणाली. “दुसऱ्या दिवशीही कळलं. पुढेही बरेच महिने. मग हळूहळू खरंच कळेनासं झालं. मला वाटलं, झाली बाई सवय.”

खालच्या मजल्यावर लिफ्ट थांबल्याचा आवाज आला. आवाज म्हणजे नुसती हवा हलल्यासारखं काहीतरी. खोटं प्रमाणपत्र हा त्याच्या खात्यात सर्वांत मोठा गुन्हा होता, आणि त्याला स्वतःला मिळालेलं एकुलतं एक प्रमाणपत्र खोटं होतं, दयेपोटी दिलेलं होतं, आणि त्याच्या भरवशावर त्याने रोज एकाच ठिकाणी टोचून टोचून ते खरं करून दाखवलं होतं. त्याला अपमान वाटायला हवा होता. वाटला तो हेवा. सिस्टरला थोड्याच दिवसांत खरं मिळालं. विचारावंही लागलं नाही.

“बटणं लाव,” तो म्हणाला, आणि स्टूल ओढून तिच्या मांडीशी बसला.

“अहो, दुखेल.”

“दुखू दे. दुखलं तर सांगायचं.” हे आपण मायेने म्हणतो आहोत की सिस्टरशी बरोबरी करायला, हे त्याला ठरवता येईना. त्याने नवी सुई लावली, चकती उतरवलेल्या डोसवर आहे हे दोनदा पाहिलं, सिस्टरने दाखवलेल्या जागी टेकवली आणि घातली. आणि थांबला. काही आलं नाही. तो दहापर्यंत मोजत होता आणि खोलीत काहीसुद्धा आवाज नव्हता. मग त्याला तिची बोटं दिसली, चांगल्या पायाची. ती पार आत वळली होती.

“तू आवाज दाबलास.”

“सवय आहे हो.”

“सिस्टरजवळ नाही दाबत.”

“तिची मला काळजी नाही वाटत,” बायको म्हणाली.

दुसरा कोणी असता तर यावर विरघळला असता. त्याला एवढंच दिसलं की काळजीच्या नावाखाली आपल्याला वगळलं गेलं होतं. “माझीही करू नकोस,” तो म्हणाला. हे त्याने नको इतक्या जोराने म्हटलं असावं, कारण तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, छताकडे नाही.

“बरं. दुखलं,” ती म्हणाली. “चांगलंच दुखलं. सिस्टरचा हात तुमच्यापेक्षा कितीतरी हलका आहे.”

“बरं.”

“आणि विषय निघालाच आहे तर सांगते. डॉक्टर मला विचारतात, कसं वाटतंय. आणि तुम्ही सांगता, ठीक आहे. दर वेळी. मी तिथे पिशवी धरून बसलेली असते.”

तो पटकन उठून नाश्त्याची बशी घेऊन आला, कारण अर्धा तास सुरू झाला होता. ब्रेडचे भाजलेले दोन तुकडे, अंडं. ती खाऊ लागली आणि खाता खाता बोलत राहिली. पडद्यांचा रंग तिला कधीच आवडला नव्हता. तो ‘आपल्याला नाही आवडत’ म्हणतो तेव्हा त्या आपल्यात ती नसते. तिच्या भावाच्या घरून ते नेहमी जेवणं आटोपली की लगेच निघायचे, आणि खऱ्या गप्पा तर त्यानंतर सुरू व्हायच्या. तिचा चेहरा लाल झाला होता, हातातला ब्रेड हलत होता. त्याने वाकून तिच्या कपाळाला हात लावला. “घाम येतोय का तुला? हात थरथरतात का?”

“आत्ता तर टोचलंत. इतक्यात कशी उतरेल साखर? मला राग आलाय.”

“बरं.” तो पुन्हा बसला. मग राहवेना म्हणून विचारलं, “पडद्यांचं सिस्टरला सांगितलं होतंस?”

“तिनेच विचारलं, कोणी निवडले म्हणून.”

“आणि डॉक्टरांचं?”

“तेही सांगितलं.”

“भावाकडचं?”

“त्यावर तर ती फार हसली.”

म्हणजे हे सगळं आधी तिकडे पोचलेलं होतं. बायको त्याला शिळं वाढत होती आणि तो बशी पुढे करून बसला होता. मत्सर छातीत नेमका कुठे असतो हे त्याला बोट ठेवून दाखवता आलं असतं. पहिला तुकडा संपला होता, दुसरा तिने उचलला होता आणि त्याच्याकडे बघत तशीच राहिली होती, तो ब्रेड कोणी हातात आणून ठेवला हेच आठवत नसल्यासारखी.

“आई गेल्याचा फोन आला,” ती म्हणाली, “तेव्हा सकाळच होती. तुम्ही नुकतंच टोचलं होतंत. मी फोन ठेवला आणि तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, आधी खाऊन घे, इंजेक्शन झालंय.”

त्याला ती सकाळ आठवत होती. त्या सकाळबद्दल त्याला आजवर थोडा अभिमानच वाटत आला होता. अशा प्रसंगी डोकं ठिकाणावर ठेवणारी माणसं थोडी असतात.

“बरोबरच होतं तुमचं,” ती म्हणाली. “खाल्लं नसतं तर मीही पडले असते. पण संपेपर्यंत तुम्ही समोर उभे होतात. मला रडायचं होतं आणि तोंडात ब्रेड होता. चावावा तर लागतोच ना. मी चावत होते आणि तुम्ही बघत होतात. मग संपला, आणि रडू गेलं ते गेलंच. नंतर आलंच नाही.”

विचारू नये हे त्याला कळत होतं. विचारणारा माणूस किती क्षुद्र असला पाहिजे हेही कळत होतं.

“हे तिला सांगितलं होतंस?”

तिने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. “नाही,” ती म्हणाली. “हे कोणालाच नाही.”

आणि मग तिचा चेहरा हळूहळू वेडावाकडा होत गेला, इतका की त्याला तो ओळखू येईना. ब्रेडचा तुकडा तिने बशीत परत ठेवला. त्याच्या तोंडावर वाक्य आलं होतं, तेच त्या सकाळचं, दुसरं कुठलं त्याला येतही नव्हतं. तिने ते ओठांवर येताना पाहिलं असावं.

“खाते,” ती म्हणाली. “जरा थांबा.”

तो थांबला. ती रडत होती, आणि आवाज दाबत नव्हती. अर्ध्या तासातला किती उरला होता ते समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात दिसत होतं. त्याने तिकडे पाहिलं नाही. निदान तिला दिसेल असं पाहिलं नाही.